हाताचं रोटरी टूल सीएनसी राउटरवर बसवताना

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचं पत्र्याचं छोटं शेड आहे. दारावरचे नामफलक, देवघराच्या जाळ्या, रांगोळीचे साचे, कापडावर मारायचे लाकडी ठसे, अशी कामं तिथे चालतात. महिन्यात एखाददुसरं कॉलेजचं पोरगं हमखास येतं आणि प्रत्येकाचा प्रश्न तोच असतो. छोटं सीएनसी किट (संगणकाच्या सांगण्यावर लाकूड कोरणारं मशीन) घेतलंय, सोबत आलेली मोटर सागवानात दम धरत नाही. घरात हाताचं रोटरी टूल (हातात धरून घासा-कोरायचं, वेगानं फिरणारं छोटं यंत्र) पडून आहे, तेच बसवलं तर चालेल का?

चालतं. मी स्वतः त्यावरच सुरुवात केली. पण एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, म्हणजे पुढची प्रत्येक पायरी का आहे ते आपोआप कळेल. हे टूल माणसाच्या हातासाठी बनलेलं आहे. लाकडात गाठ लागली की हात आपसूक ढिला पडतो, टूल जरा मागे येतं, बिट (टूलमध्ये बसवलेलं कापायचं पातं) वाचतं. सीएनसीला यातलं काही कळत नाही. तिला सांगितलंय मिनिटाला ५०० मिलिमीटर, तर गाठ असो की खिळा, ती ५०० नेच जाणार. हात जे सांभाळून घेत होता ते आता तुम्हाला आधीच विचार करून, मोजून, घट्ट बसवून सांभाळायचं आहे.

आपल्याकडे वनस्पती तुपाला जसं सरसकट डालडा म्हणतात तसं या जातीच्या सगळ्या टूलना ड्रेमेल म्हणतात. ती कंपनी १९३२ साली अमेरिकेतल्या रॅसीन गावात सुरू झाली आणि १९९३ पासून बॉशकडे आहे. पण बाजारात इतर नावांची टूलही भरपूर आहेत आणि त्यांची मापं जुळतीलच असं नाही. म्हणून मी इथे देतो ते आकडे धरा, पण आपलं टूल हातात घेऊन मोजल्याशिवाय काही कापू नका.

आधी टूल तपासा

प्लग काढा. शाफ्ट दोन बोटांत धरून आडवा हलवा, मग पुढेमागे ओढा. कट-कट असं काही जाणवलं तर बेअरिंग गेलेलं आहे. ते टूल हातानं खिळे घासायला ठेवा, मशीनवर चढवू नका.

वरवर ठीक वाटलं तर पुढची तपासणी डायल गेजनं (अगदी बारीक हलणंही काट्यावर दाखवणारं साधन) करा. गेज विकत घ्यायची गरज नाही. यंत्रमागाचे सुटे भाग दुरुस्त करणारा कुठलाही टर्नर तुम्हाला ते दहा मिनिटं वापरू देईल. टूलमध्ये नवं बिट घट्ट बसवा, गेजचं टोक बिटच्या गुळगुळीत दांड्यावर टेकवा आणि शाफ्ट हातानं हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवा. काटा ०.०३ मिलिमीटरच्या आत फिरला तर उत्तम. ०.०५ पर्यंत लाकडाचं काम निभतं, पण बिट लवकर बोथट होतं. ०.१ च्या पुढे गेला तर आधी कॉलेट (बिट घट्ट धरणारी चिरांची नळी) काढून ब्रशनं साफ करा, बिट पाव फेरा फिरवून पुन्हा बसवा आणि परत मोजा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा दोष शाफ्टचा नसतो, कॉलेटमध्ये अडकलेल्या भुशाचा असतो.

एवढ्याशा फरकानं काय होतं, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. दोन धारांचं बिट फिरताना प्रत्येक धार लाकडाची साधारण ०.०२ मिलिमीटर जाडीची कपची काढते असं धरा. दांडाच ०.०५ नं हलत असेल तर एक धार बाहेर फेकली जाते आणि दुसरी आत राहते. म्हणजे सगळं काम एकच धार ओढते, दुसरी नुसती हवेत फिरते. बिट लवकर बोथट होतं, कडा खरबरीत येतात, आणि दीड मिलिमीटरचं बारीक बिट असेल तर मोडतंच. पोरं म्हणतात बिट हलक्या दर्जाचं होतं. बऱ्याचदा बिट बिचारं बरं असतं.

चावीशिवाय हातानं आवळायचा तीन जबड्यांचा चक या टूलबरोबर मिळतो, तो बाजूला ठेवा. हातकामाला तो सोयीचा आहे, पण सीएनसीवर त्याचं हलणं परवडत नाही. कॉलेटच वापरा.

पकड: नाकाशी एक, पाठीशी एक

किटबरोबर येणारी गोल पकड सहसा तिच्याच मोटरच्या मापाची असते. तिच्यात रबराची पट्टी गुंडाळून टूल कोंबायचा मोह होतो. तसं करू नका. रबर दबतं, टूल डुलतं, आणि जास्त आवळलं तर प्लास्टिकचं अंग दबून आतल्या बेअरिंगवर ताण येतो.

टूलच्या पुढच्या टोकाला टोपण फिरवून काढलं की आटे दिसतात. ड्रेमेलमध्ये ते पाऊण इंचाचे, इंचाला १२ आटे असे असतात. इतर टूलमध्ये वेगळे असू शकतात. ही जागा पुढच्या बेअरिंगच्या अगदी जवळ असते, म्हणून खरी पकड तिथेच हवी. मी माझी पहिली पकड टर्नरकडून करून घेतली. मी कागदावर मापं लिहून नेली होती. ते कागदाकडे बघेनात. म्हणाले, "अण्णा, कागद ठेवा खिशात, टूल द्या इकडं." नायलॉनच्या तुकड्याला त्यांनी आटे पाडले, टूल त्यात फिरवून पाहिलं, परत थोडं कापलं, परत फिरवून पाहिलं. शेवटी टूल आत गेलं ते लोण्यात गेल्यासारखं, आणि हलवलं तर जराही हललं नाही. माप असं घ्यायचं असतं, ही गोष्ट मी त्या दिवशी शिकलो.

दुसरी पकड टूलच्या पाठीकडे, हलकीशी. तिचं काम वजन पेलायचं आणि टूल डुलू नये एवढं बघायचं. तिथे थोडं रबर चालेल. टूलच्या अंगावरच्या हवेच्या फटी मात्र दोन्ही टोकांना उघड्या राहिल्या पाहिजेत. आतला पंखा त्यातूनच हवा ओढतो आणि सोडतो.

थ्रीडी प्रिंटरवर पकड छापणार असाल तर पीएलए नावाचं प्लास्टिक वापरू नका. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२-४३ अंश असतात, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि त्यात टूलची स्वतःची ऊब. पीईटीजी प्लास्टिक बरं. जाड प्लायवूडचे दोन तुकडे बोल्टनं आवळून केलेली पकडसुद्धा पीएलएपेक्षा जास्त टिकते.

बसवून झालं की बिटच्या टोकाला बोटानं आडवा दाब द्या आणि बघा काय हलतं. टूल पकडीत हलतंय, पकड झेडच्या (वर-खाली जाणाऱ्या) पाटीवर हलतेय, की अख्खं पोर्टल (टूल पेलणारी कमान) वाकतंय? जे हलेल ते आवळा.

काटकोन

टूल टेबलाला काटकोनात नसेल तर खोदकामाच्या तळाला पायऱ्या पडतात. तपासायला महागडं काही लागत नाही. सायकलच्या चाकाची एक तार घ्या, एल आकारात वाकवा आणि कॉलेटमध्ये बसवा, म्हणजे तिचा आडवा हात सहा-सात सेंटिमीटर बाहेर येईल. प्लग काढलेलाच असू दे. तारेचं टोक टेबलाजवळ आणा, खाली कागदाची पट्टी सरकवा आणि पट्टी जेमतेम अडेल इतकं टूल खाली घ्या. आता शाफ्ट हातानं फिरवून टोक उजवीकडे, मागे, डावीकडे, पुढे न्या आणि प्रत्येक ठिकाणी पट्टी तशीच अडते का बघा. एका बाजूला सैल लागली तर पकडीच्या मागे कागदाची किंवा पत्र्याची पातळ पट्टी सारून जुळवा. अर्धा तास जातो. तो वाचवायला जाऊ नका.

वीज आणि वायर

हे टूल थेट घरच्या २३० व्होल्टवर चालतं, मशीन मात्र वेगळ्या छोट्या पुरवठ्यावर. म्हणून संगणकानं मशीनला "स्पिंडल सुरू" असं सांगितलं तरी रोटरी टूल आपोआप फिरणार नाही. मधे रिले (मशीनच्या इशाऱ्यानं चालू-बंद होणारं बटण) बसवता येतो, पण सुरुवातीला त्या फंदात पडू नका. टूल हातानं सुरू करा, वेगावर येऊ द्या, मगच फाइल चालवा. टूल आणि मशीन दोन्हींचा पुरवठा एका मोठ्या बटणानं बंद होईल असा बोर्ड वायरमनकडून करून घ्या आणि तो हात पोचेल तिथे ठेवा. त्याच वेळी अर्थिंग तपासायला सांगा. टूलला स्वतःची वेग बदलायची चकती असेल तर त्यामागे पंख्याचा रेग्युलेटर लावू नका. दोन्ही एकमेकांशी भांडतात आणि आतलं सर्किट जळतं.

बहुतेक छोट्या किटमध्ये मशीन चालवणारा जीआरबीएल नावाचा प्रोग्राम असतो. सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी तो २००९ मध्ये लिहिला आणि सगळ्यांना मोकळा ठेवला. प्रोग्राम भरवशाचा आहे. पण रोटरी टूलच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात, ते फिरताना ठिणग्या उडवतात, आणि त्या ठिणग्यांचा विजेतला गोंगाट यूएसबीच्या वायरीत शिरतो. मग काम मध्येच थांबतं, स्क्रीनवर जोडणी तुटल्याचं येतं, आणि टूल एकाच जागी फिरत राहून लाकूड काळं करतं. यावर उपाय साधे आहेत. यूएसबीची वायर आखूड आणि जाळीचं आवरण असलेली घ्या, तिच्यावर हा गोंगाट अडवणारं फेराइटचं कडं चढवा. टूलची वायर आणि मोटरांच्या वायरी एकत्र बांधू नका. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. एवढ्यावरही थांबत नसेल तर मेमरी कार्डवरून फाइल चालवणारा छोटा कंट्रोलर जोडा, म्हणजे लॅपटॉपचा संबंधच संपतो.

टूलची जाड वायर वरून दोरीनं टांगा, झोळीसारखी सैल. ती कुठे अडकली तर मशीन पावलं (मोटरचे मोजून दिलेले टप्पे) चुकते आणि त्यानंतरचं सगळं कोरीवकाम सरकलेलं येतं.

बिट आणि कॉलेट

रोटरी टूलच्या डबीत जे गोळे, दगड आणि घासायच्या चकत्या येतात त्या इथे कामाच्या नाहीत. राउटरची बिटं घ्या, ३.१७५ मिलिमीटर म्हणजे पाव इंचाच्या निम्म्या दांड्याची. त्यांना ३.२ चं कॉलेट लागतं. लाकूड आणि एमडीएफला (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) दोन धारांचं, ॲक्रिलिकला एका धारेचं, अक्षरांना व्ही आकाराचं. ॲक्रिलिक कास्ट असलेलं मागा. स्वस्तातली एक्सट्रूड शीट वितळून बिटला लपेटते.

बिट कॉलेटमध्ये पूर्ण खोल घाला, मग जेमतेम एक मिलिमीटर मागे घ्या आणि नट चावीनं आवळा. बाहेर जितकं कमी तितकं चांगलं. बिट न घालता नट कधीही आवळू नका, कॉलेट चिरडतं.

आवळण्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे मी एक चांगली फळी गमावली आहे. जुळे सोलापुरातल्या मामांच्या नव्या घरासाठी सागवानाचा नामफलक करत होतो. घाईत नट बोटानं फिरवला, चावीनं थोडासाच ओढला. पहिली ओळ सुंदर आली. दुसऱ्या ओळीपासून अक्षरं किंचित खोल दिसायला लागली, मला वाटलं फळीच थोडी वाकलेली आहे. तिसऱ्या ओळीला भुशाचा रंग बदलला, पिवळसर ऐवजी पांढरट यायला लागला. मी बटण दाबेपर्यंत बिट फळी पार करून खालच्या प्लायवूडमध्ये गेलं होतं. झालं होतं असं की, वर भुसा फेकणाऱ्या पिळाच्या बिटला लाकूड स्क्रूसारखं खाली ओढतं. कॉलेट सैल असलं की बिट प्रत्येक ओळीला थोडं थोडं खाली उतरतं. म्हणून आता बिट बसवलं की दांड्यावर नटालगत मार्करनं बारीक रेघ मारतो. काम चालू असताना रेघ आणि नट यांच्यात फट दिसली की लगेच थांबायचं.

वेग किती, खोली किती

नवखा माणूस इथे उलटं करतो. भीतीपोटी टूल पूर्ण वेगावर ठेवतो आणि मशीन मुंगीच्या पावलानं चालवतो. टूल मिनिटाला ३०,००० फेऱ्यांवर, दोन धारा, आणि मशीन मिनिटाला ३०० मिलिमीटर. भागाकार करा: ३०० भागिले ६०,०००, म्हणजे एका धारेच्या वाट्याला ०.००५ मिलिमीटर. एवढ्यात धार कापत नाही, घासते. लाकूड करपतं, ॲक्रिलिक वितळतं, बिट निळं पडतं.

टूल १५,००० वर आणा आणि मशीन ६०० वर न्या. आता प्रत्येक धारेला ०.०२ मिळतात. भुसा पिठासारखा न पडता बारीक कपच्यांसारखा पडतो, चिमटीत धरला तर कणी लागते. सूत्र एवढंच आहे: मशीनची चाल म्हणजे फेऱ्या गुणिले धारा गुणिले कपचीची जाडी. मात्र फेऱ्या फार खालीही आणू नका. टूलचा पंखा त्याच शाफ्टवर असतो, तो मंदावला की मोटर तापते, आणि कमी वेगात या टूलमध्ये जोरही राहत नाही. १२,००० ते १८,००० हा पट्टा मला बहुतेक लाकडांना जमला आहे.

वेग टिकवायचा तर खोली कमी ठेवावी लागते. ही टूल १३० ते १७५ वॅटची असतात. दोन मिलिमीटरच्या बिटनं एमडीएफमध्ये एका थराला १ मिलिमीटर, सागवानात अर्धा, शिसवात त्याहूनही कमी. बाभळीच्या वाटेला सध्या जाऊ नका. ३ मिलिमीटर खोल अक्षरं सहा थरांत गेली तर जाऊ द्या. बिट सरळ खाली घुसवण्याऐवजी उतार करत उतरेल असं सॉफ्टवेअरमध्ये निवडा. पितळ आणि ॲल्युमिनियमवर वरवर अक्षरं कोरता येतात, पण त्यातून आकार कापून काढायचं काम या टूलचं नाही. आणि रोज दिवसभर लाकूडच कापायचं असेल तर सुतार सनमाइकच्या कडा मारायला वापरतात तो ट्रिमर घ्या. त्यात तिप्पट-चौपट ताकद असते, पण वजनही जास्त, तेव्हा आधी मशीनचा झेड ते पेलतो का बघा.

पहिलं काम

डोळ्यांना चष्मा, नाकाला एन-९५ मास्क, कानात बोळे. एमडीएफची धूळ फार बारीक असते आणि तिच्यात गोंदाची रसायनं असतात; साधा रुमाल पुरत नाही. हातमोजे घालू नका, फिरतं बिट ते ओढून घेतं. शर्टाच्या बाह्या दुमडा, ओढणी काढून ठेवा, केस बांधा. सोलापुरात प्रत्येक हाताशी टॉवेल असतोच. तो खांद्यावरून उतरवून खुंटीला लावा.

एमडीएफचा तुकडा चारही कोपऱ्यांना स्क्रूनं टेबलावर बांधा आणि स्क्रू बिटच्या वाटेत नाहीत हे दोनदा बघा. झेडचा शून्य घ्यायला टूल बंद ठेवून बिटखाली साधा कागद सरकवत बिट हळूहळू उतरवा. कागद अडला की थांबा. कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर धरा. मग झेड एक सेंटिमीटर वर उचलून, टूल बंद ठेवूनच, अख्खी फाइल हवेत चालवा. बिट कुठे कुठे जातं ते डोळ्यांनी बघा.

पहिला आकार ५० मिलिमीटरचा चौरस आणि त्यात एक गोल, एवढाच. सिद्धेश्वर मंदिराची कमान पहिल्याच दिवशी कोरायची इच्छा सगळ्यांना होते, मलाही झाली होती. चौरस आधी. कापून झाल्यावर व्हर्नियरनं दोन्ही बाजू मोजा. दोन्ही सारख्याच थोड्या लहान असतील तर मशीन बरोबर आहे. बिटचा दांडा हलत असल्यानं चर बिटपेक्षा किंचित रुंद पडतो, तो रुंदीचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये बिटचं माप म्हणून टाका. एक बाजू बरोबर आणि दुसरी चुकीची असेल तर त्या अक्षाच्या पावलांचा हिशोब किंवा सैल स्क्रू बघा. गोल लंबगोल आला तर बहुतेक पकड हलतेय.

काम चालू असताना जागा सोडू नका. आपल्या गावात यंत्रमागाचे जॉबर आहेत. खटखटाटाच्या शेडमध्ये उभं राहून तिसऱ्या ओळीतला कुठला माग बिघडला ते नुसत्या कानानं सांगतात. तसा कान हळूहळू तयार करा. टूल बरोबर चालत असलं की एकसुरी गुणगुणतं. आवाज खाली बसला तर खोली जास्त आहे. किंचाळी निघाली तर बिट घासतंय किंवा बोथट झालंय. मध्येच टक-टक आली तर पकड सैल आहे, लगेच थांबवा. करपल्याचा वास आला तर फेऱ्या कमी करा किंवा चाल वाढवा. हातात जे जाणवायचं ते आता कानानं आणि नाकानं ओळखायचं आहे.

हे टूल सलग तासन्‌तास चालायला बनलेलं नाही. वीसेक मिनिटांनी काम थांबेल अशी फाइल तोडा. थांबल्यावर टूल लगेच बंद न करता बिट वर घेऊन दोन मिनिटं मोकळं फिरवा, म्हणजे आतली ऊब बाहेर जाते. अंगाला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर चहा पिऊन या. उन्हाळ्यात मी लांब कामं सकाळी दहाच्या आत किंवा ऊन कलल्यावर लावतो.

दर ४०-५० तासांनी कार्बन ब्रश काढून बघा. बहुतेक टूलमध्ये त्यासाठी अंगावर दोन झाकणं असतात, स्क्रूड्रायव्हरनं उघडतात. ब्रश ३ मिलिमीटरपेक्षा आखूड झाले असतील तर दोन्ही एकदम बदला. जुनेच परत घालत असाल तर ज्या बाजूनं काढले त्याच बाजूनं घाला, कारण त्यांच्या टोकाला शाफ्टची गोलाई बसलेली असते. नवे घातल्यावर लगेच लाकडाला लावू नका. बिट न लावता टूल पूर्ण वेगावर पाच-सहा मिनिटं मोकळं फिरू द्या. सुरुवातीला झाकणाच्या फटीतून ठिणग्या जरा जास्त दिसतील. ब्रशला गोलाई बसत जाईल तशा त्या कमी होतात, मग कामाला लावा.